रिपोर्ट म्हणतो रक्त गोठत नाही, मग धमनीत गुठळी कशी?

प्रश्न: माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी पोळ्या लाटताना तिच्या हातातून लाटणं निसटलं, बोलणं बोबडं झालं. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूच्या धमनीत गुठळी निघाली. बीपी नाही, शुगर नाही, कोलेस्टेरॉल व्यवस्थित. आता एपीएस, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, असल्याचं सांगतात. पण पहिल्या रिपोर्टात तिचा एपीटीटी वाढलेला होता, म्हणजे रक्त गोठायला उलट जास्त वेळ लागतो. मग गुठळी झालीच कशी? आणि नव्या गोळ्या निघालेल्या असताना सारखी रक्ततपासणी करायला लावणारी जुनीच गोळी का?

उत्तर:

तुमचा पहिला प्रश्न डॉक्टरांनाही तीसेक वर्षं छळत होता, त्यामुळे तो विचारायला संकोचू नका. मी रक्तविकारांचा डॉक्टर. या आजाराचा नवा पेशंट आला की सोबतच्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, हिचं रक्त जाड झालंय ना?" रक्त जाड झालेलं नसतं. बिघाड असतो तो रक्तात फिरणाऱ्या काही अँटिबॉडींमध्ये, आणि त्या ज्यांना चिथावतात त्यांच्यात: रक्तवाहिनीची आतली भिंत, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथेच आहेत.

आधी एपीटीटी. निळ्या झाकणाची ट्यूब आठवत असेल. तिच्यात सोडियम सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त ट्यूबमध्ये गोठत नाही. लॅबमध्ये ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्यात थोडं फॉस्फोलिपिड, एक उत्तेजक आणि शेवटी कॅल्शियम घालायचं, आणि किती सेकंदांत गुठळी धरते ते मोजायचं. फॉस्फोलिपिड कशासाठी? कारण रक्त गोठवणाऱ्या घटकांना आपलं काम करायला बसायला जागा लागते. शरीरात ती जागा पेशींच्या आवरणावर मिळते, ट्यूबमध्ये ती बाहेरून पुरवावी लागते. पंगतीत मोजकेच पाट मांडलेले असावेत आणि त्यातले निम्मे कुणी आधीच अडवून बसावं, तसं इथे होतं. बहिणीच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडी फॉस्फोलिपिडवर ठाण मांडतात, गोठवणारे घटक ताटकळतात, सेकंद वाढतात आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत एपीटीटी वाढल्याचं छापून येतं.

आता त्या ट्यूबमध्ये काय नव्हतं ते बघा. रक्तवाहिनीची भिंत नव्हती. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी फिरवून खाली बसवलेल्या होत्या. म्हणजे अँटिबॉडी ज्यांना भडकवतात ते सगळे गैरहजर. शरीरात पाटांचा तुटवडा नसतो आणि भडकणारे हजर असतात. म्हणून काचेत रक्त रेंगाळतं आणि अंगात गुठळी होते.

या अँटिबॉडींची पहिली चाहूल सिफिलिसच्या तपासणीने लागली. १९०६ साली आलेल्या वासरमन टेस्टमध्ये आणि पुढे व्हीडीआरएलमध्ये जो पदार्थ वापरतात तो कार्डिओलिपिन, म्हणजे एक फॉस्फोलिपिडच. १९४१ साली तो बैलाच्या हृदयातून वेगळा काढला गेला. काही लोकांची टेस्ट सिफिलिस नसताना पॉझिटिव्ह येते, त्यातल्या काहींमागे याच अँटिबॉडी असतात. आपल्याकडे गरोदरपणात व्हीडीआरएल सर्रास करतात. माझ्या एका पेशंटची ती दोन्ही बाळंतपणांत पुसटशी पॉझिटिव्ह आली होती. पक्की टेस्ट निगेटिव्ह होती, पण तोवर घरात व्हायचं ते झालं होतं. नवऱ्याने सहा महिने तिच्याशी नीट बोलणं टाकलं. खरं कारण कळलं ते सात वर्षांनी, तिला स्ट्रोक आल्यावर.

१९५२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॉनली आणि हार्टमन यांनी लुपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) दोन रुग्णांत रक्त गोठू न देणारं काहीतरी फिरत असल्याचं नोंदवलं. त्यातूनच पुढे 'लुपस अँटिकोॲग्युलंट' हे नाव रूढ झालं. नाव दोन्ही बाजूंनी फसवं आहे. ते असलेल्या पुष्कळ लोकांना लुपस नसतो, आणि ते अंगात अँटिकोॲग्युलंटसारखं वागत नाही. १९८३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुठळ्या, वारंवार गर्भपात आणि या अँटिबॉडी यांचा धागा जोडला. म्हणून जुन्या कागदांवर ह्यूज सिंड्रोम असंही नाव दिसेल.

आता आतली गोष्ट. एक लांबलचक नाव सहन करावं लागेल: बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या रक्तात असतं. पाच मणी ओवलेल्या छोट्या माळेसारखी त्याची रचना. एरवी ही माळ कडं करून, तोंडाला शेपूट लावून निवांत फिरते. ऋणभार असलेल्या फॉस्फोलिपिडशी गाठ पडली की पाचवा मणी तिथे चिकटतो, कडं उघडतं आणि माळ माशाच्या गळासारखी उभी राहते. एरवी झाकलेला पहिला मणी त्यामुळे उघडा पडतो. सगळ्यात उपद्रवी अँटिबॉडी नेमका तोच पकडतात. म्हणजे नावात फॉस्फोलिपिड असलं तरी खरं लक्ष्य बहुतेक वेळा त्यावर बसलेलं हे प्रथिन असतं. ही गोष्ट १९९० च्या सुमारास उलगडली.

निरोगी पेशी आपल्या आवरणातलं ऋणभारित फॉस्फोलिपिड आतल्या अंगाला ठेवते, सदऱ्याच्या अस्तरासारखं. पेशी दुखावली किंवा उत्तेजित झाली की अस्तर बाहेर येतं. तिथे ही प्रथिनं येऊन बसतात आणि वर अँटिबॉडी येते. अँटिबॉडीला दोन हात असतात. एका हातात एक माळ, दुसऱ्यात दुसरी. जोडी झाली की पकड एकदम घट्ट होते, आणि पेशीवरचे रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जाऊन पेशीच्या आत धोक्याची घंटा वाजू लागते. वास्तविक बाहेर काही घडलेलं नसतं. पेशीला मात्र वाटतं, जखम झाली आहे.

भिंतीच्या आतल्या पेशींचं एरवीचं काम असतं नायट्रिक ऑक्साइड सोडत राहणं. त्याने धमनी सैल राहते आणि प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत. अँटिबॉडींच्या इशाऱ्यावर हे उत्पादन घटतं, भिंतीवर चिकट रेणू उगवतात आणि टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन पृष्ठभागावर येतं. गुठळीची साखळी सुरू करणारी ही काडीपेटी. ती रक्ताच्या थेट संपर्कात सहसा नसते, जखम झाली तरच बाहेर येते. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही ती बाहेर काढतात. प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन सोडून आणखी प्लेटलेटना बोलावतात. न्यूट्रोफिल पेशी आपल्या डीएनएचं जाळं बाहेर टाकतात, त्यात सगळं अडकतं. शिवाय गुठळीला आवर घालणारं प्रोटीन सी आणि झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा, दोन्हींचं काम मंदावतं.

इतकं सगळं तर शिरेतही होऊ शकतं, आणि होतंच. युरोपातल्या १००० रुग्णांचा जो मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात पायाच्या खोल शिरेत गुठळी सुमारे ३९ टक्के लोकांना झाली होती, स्ट्रोक सुमारे २० टक्क्यांना, हार्ट अटॅक साधारण साडेपाच टक्क्यांना. मात्र गुठळी होण्याच्या इतर अनेक आनुवंशिक दोषांत त्रास प्रामुख्याने शिरांमध्ये होतो, धमन्या बहुधा सुटतात. एपीएस धमनीलाही सोडत नाही, आणि धमन्यांत त्याचं आवडतं ठिकाण मेंदू.

धमनीतली गुठळी शिरेतल्यापेक्षा वेगळी घडते. शिरेत रक्त संथ असतं. तिथली गुठळी फायब्रिनचे धागे आणि त्यात अडकलेल्या लाल पेशी यांची बनते, म्हणून ती लालसर दिसते. धमनीत रक्त जोरात धावतं. एवढ्या वेगात भिंतीला चिकटायचं म्हणजे धावत्या लोकलमध्ये चढण्यासारखं. आतून कुणी हात दिला तरच जमतं. तो हात देतं व्हॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचं लांब प्रथिन. रक्ताच्या वेगाने ते ताणलं जाऊन उलगडतं आणि जवळून जाणाऱ्या प्लेटलेटला पकडतं. पहिली टेकली की दुसरी, मग थर. ही पांढुरकी, प्लेटलेटने गच्च भरलेली गुठळी. म्हणजे धमनीत गुठळी व्हायला दोन गोष्टी हव्यात: बिघडलेली भिंत आणि भडकलेल्या प्लेटलेट. एपीएसमधल्या अँटिबॉडी नेमक्या याच दोन ठिकाणी हात घालतात. साठीतल्या माणसाच्या हार्ट अटॅकमध्ये भिंत बिघडवण्याचं काम बहुधा चरबीचा थर फुटल्याने होतं. त्याला वर्षं लागतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो थर नसतानाही भिंतीला खोटी जखम 'वाटली', म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सगळं चांगलं असूनही हे झालं.

धमनी बंद पडण्याचा हा एकच रस्ता नाही. या आजारात हृदयाच्या झडपांवर, विशेषतः मायट्रल झडपेवर, छोट्या गाठी धरतात. लिबमन आणि सॅक्स यांनी १९२४ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव आहे. त्यात जंतू नसतात, पण तुकडा सुटला तर सरळ मेंदूत जातो. म्हणून स्ट्रोकनंतर टू-डी इको करतात, आणि शंका राहिली तर अन्ननलिकेत नळी घालून करायचा इको. तो नकोसा असतो, पण झडपेची बाजू त्यात फार स्पष्ट दिसते. कधी गुठळी पायाच्या शिरेतच झालेली असते आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधलं, जन्मानंतर बुजायचं राहून गेलेलं छिद्र तिला डाव्या बाजूला जाऊ देतं. आणि एक रस्ता गुठळीशिवायचा आहे: बारीक धमन्यांची आतली भिंतच हळूहळू जाड होत जाते आणि वाट अरुंद होते. किडनीत हे विशेष दिसतं. २०१४ साली फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्यामागे पेशींची वाढ नियंत्रित करणारा एमटॉर नावाचा मार्ग चालू झालेला असतो. बहिणीच्या लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन अधूनमधून तपासायला सांगतील ते यासाठी. मांडीवर किंवा दंडावर जाळीदार जांभळट नक्षी दिसते का तेही बघा. थंडीत ती ठळक होते. बायका ती दाखवत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

एखाद्याची गुठळी धमनीत का आणि दुसऱ्याची शिरेत का, हे विज्ञानाला अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण पहिली ज्या बाजूला झाली, पुढची बहुधा त्याच बाजूला होते. तुमच्या बहिणीसाठी ही बाब महत्त्वाची आहे, कारण औषध त्यावरूनच ठरतं.

अँटिबॉडी तर रोजच रक्तात होत्या, मग त्याच दिवशी काय झालं? याला आम्ही 'दुसरा धक्का' म्हणतो. अँटिबॉडी भिंतीला तयारीत ठेवतात आणि काडी दुसरंच कुणीतरी लावतं: ताप-जंतुसंसर्ग, ऑपरेशन, बाळंतपण, सिगारेट, इस्ट्रोजेन असलेली गोळी. नेदरलँड्समधल्या पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या अभ्यासात (२००९) लुपस अँटिकोॲग्युलंट असणाऱ्यांमध्ये स्ट्रोकची शक्यता सुमारे ४३ पट निघाली. सोबत सिगारेट असेल तर ८७ पट, आणि गर्भनिरोधक गोळी असेल तर २०१ पट. अशा स्त्रिया अभ्यासात मोजक्याच होत्या, त्यामुळे नेमक्या आकड्यावर बोट ठेवू नका. पण एकात दुसरं मिसळलं की काय होतं ते त्यातून लख्ख दिसतं.

इथे आपल्या घरांतली गोष्ट. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्न, यासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली जाते. त्यातलं नोरएथिस्टेरॉन स्वतः इस्ट्रोजेन नसलं तरी त्या डोसला त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. तरुण मुलीला स्ट्रोक आला की मी आईला बाहेर बसवून हा प्रश्न विचारतो. तुम्हीही बहिणीला शांतपणे विचारा, झटक्याआधीच्या आठवड्यांत काही गोळी घेतली होती का. दोष द्यायला नाही, पुन्हा कधीच घेऊ नये म्हणून. तसंच मिश्री. "तंबाखू खाता का" विचारलं की बाई नाही म्हणते आणि खरंच तिच्या लेखी मिश्री तंबाखूत मोडत नाही. वरचे आकडे सिगारेटचे आहेत, पण तंबाखू भाजून दाताला लावली म्हणून मी ती निर्धोक मानणार नाही.

निदान पक्कं आहे ना, हे मात्र एकदा तपासून घ्या. टेस्ट तीन: लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. एकदा पॉझिटिव्ह येऊन चालत नाही, किमान १२ आठवड्यांनी पुन्हा यावी लागते. कारण साध्या जंतुसंसर्गानंतरही अँटिकार्डिओलिपिन महिना-दोन महिने डोकं वर काढते आणि निघून जाते. आकडाही बघायचा: ४० युनिटच्या वर असेल तर वजन, १८-२० असेल तर मी त्यावर कुणाला आयुष्यभराची गोळी लावणार नाही. तिन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांना धोका सगळ्यात जास्त. धमनीच्या दृष्टीने एकटीला मान द्यायचा तर लुपस अँटिकोॲग्युलंटला.

या टेस्टची एक गंमत आहे. तिच्यात घोणसीचं विष वापरतात, अर्थात खूप पातळ करून. घोणस चावल्यावर शेतकऱ्याचं रक्त आधी भराभर गोठतं, गोठवणारे घटक त्यात संपून जातात आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्तस्राव थांबत नाही. कारण विष रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाला थेट जागं करतं. लॅबमध्ये तेच हवं असतं, मधल्या पायऱ्या टाळून फक्त फॉस्फोलिपिडवरची पायरी तपासायची. विष घातल्यावर गोठायला उशीर लागला, जादा फॉस्फोलिपिड घातल्यावर तो उशीर भरून निघाला, की अँटिबॉडी सापडली.

पण ही टेस्ट नाजूक. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट जवळपास पूर्ण काढाव्या लागतात. थोड्या उरल्या आणि नमुना गोठवून ठेवला तर त्या फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड प्लाझ्मात मिसळतं आणि अँटिबॉडी त्यात झाकली जाते. तालुक्याच्या गावाहून एकदाच फिरवून पाठवलेल्या नमुन्याचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट घेऊन एक मुलगी दीड वर्ष निर्धास्त फिरत होती. दुसऱ्या स्ट्रोकनंतर नीट नमुना घेतला तेव्हा तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह. हेपॅरिन, वॉरफरिन आणि नव्या गोळ्या या रक्त पातळ करणाऱ्या औषधांनीही ही टेस्ट बिघडते, तेव्हा कागदावर औषध लिहूनच नमुना द्या.

प्लेटलेट कमी आल्या तर दचकू नका. वर सांगितलेल्या युरोपातल्या अभ्यासात जवळपास ३० टक्के रुग्णांच्या प्लेटलेट कमी होत्या, आणि तरी त्यांना गुठळ्या होत होत्या. पावसाळ्यात असा रिपोर्ट आला की घरचे डेंग्यू समजून पपईच्या पानांचा रस पाजतात आणि भीतीने रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद करतात. रस पाजलात तर मी फार बोलणार नाही. गोळी बंद करायची की नाही ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आता जुन्या गोळीबद्दल. बहिणीला वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम दिली असेल. व्हिटॅमिन के अडवून ही औषधं यकृतात तयार होणारे चार घटक, दुसरा, सातवा, नववा आणि दहावा, एकदम कमकुवत करतात. नव्या गोळ्या त्यातला एकच अडवतात: रिव्हारॉक्सॅबॅन आणि ॲपिक्सॅबॅन दहावा, डॅबिगॅट्रान दुसरा. नव्या गोळ्या सोप्या आहेत, आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारी तपासणी; आकडा जितका मोठा तितका उशीर जास्त) लागत नाही, पालेभाजीची कटकट नाही. साध्या पायाच्या गुठळीला मीही त्याच देतो. पण इटलीत तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांवर रिव्हारॉक्सॅबॅन आणि वॉरफरिनची तुलना झाली. अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. रिव्हारॉक्सॅबॅन घेणाऱ्या ५९ जणांत चार स्ट्रोक आणि तीन हार्ट अटॅक झाले. वॉरफरिनच्या ६१ जणांत गुठळी एकालाही नाही. २०१८ साली हे छापून आलं. सातही घटना धमनीतल्या होत्या हे लक्षात घ्या. पुढे अमेरिकेतल्या छोट्या अभ्यासात ॲपिक्सॅबॅन घेणाऱ्या २३ पैकी सहा जणांना स्ट्रोक झाले, वॉरफरिनच्या २५ पैकी कुणालाच नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ सालीच अशा रुग्णांना, विशेषतः तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असलेल्यांना, या गोळ्या देऊ नका असं बजावलं होतं.

मला याचं पटणारं कारण असं: धमनीत काडी लावणारा टिश्यू फॅक्टर आपलं काम सातव्या घटकाला हाताशी धरून करतो. वॉरफरिन तो सातवा घटकही खाली आणते, नव्या गोळ्या त्याला हात लावत नाहीत. शिवाय नव्या गोळीचा रक्तातला परिणाम काही तासांत चढतो-उतरतो. म्हणून कुणी ओळखीचं म्हणालं की "आमच्या काकांना तीच गोळी दिली, रक्त तपासावं लागत नाही", तर काकांचा आजार वेगळा आहे एवढंच सांगा.

धमनीत गुठळी झालेल्यांना आयएनआर २ ते ३ ठेवून सोबत कमी डोसची ॲस्पिरिन देतात, किंवा आयएनआर ३ ते ४ ठेवतात. ॲस्पिरिन का, ते वर आलंच: प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन ती बंद करते. यातलं काय निवडायचं ते रक्तस्रावाचा धोका बघून डॉक्टर ठरवतील. काही जणांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही देतात, लुपस असेल तर हमखास. आयएनआर बोटाला टोचून मोजायच्या छोट्या मशीनवर करू नका. या अँटिबॉडी त्या पट्टीतल्या फॉस्फोलिपिडलाही चकवतात आणि आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. मग डोस उगाच कमी होतो. शिरेतून रक्त द्या, शक्यतो एकाच लॅबमध्ये.

मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर बंद करायची गरज नाही. गरज आहे ती सारखेपणाची. वर्षभर आठवड्यातून एकदा पालेभाजी आणि श्रावणात रोज, असं झालं की आयएनआर खाली येतो. जुलाबावर देतात ते मेट्रोनिडॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल तो चढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन पाडतं. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन कंबरेत घेऊ नका. आणि दात काढायचा म्हणून "आठ दिवस गोळी बंद ठेवा" असं कुणी सांगितलं तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. रुग्णांपैकी सुमारे एक टक्का लोकांत हा आजार आठवडाभरात एकाच वेळी किडनी, फुप्फुस, मेंदू अशा अनेक अवयवांत गुठळ्या करतो, आणि त्याआधी बऱ्याचदा एखादा जंतुसंसर्ग झालेला असतो किंवा अचानक बंद केलेली गोळी असते. असे पेशंट मी पाहिले आहेत. त्यातले सगळे घरी गेले नाहीत.

बहिणीला मूल हवं असेल तर आधी येऊन बोला, दिवस गेल्यावर नाही. वॉरफरिनने सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात व्यंग होऊ शकतं, म्हणून वेळेत हेपॅरिनच्या इंजेक्शनवर आणावं लागतं, ॲस्पिरिनसोबत. असं नीट सांभाळलेल्या बऱ्याच बायका बाळ घेऊन घरी गेल्या आहेत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या भेटीत घरचे विचारतीलच: तुमची आणि बहिणीच्या मुलांची टेस्ट करायची का? हा आजार फ्लू किंवा रक्तगटासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. एका घरात दोघांना क्वचित दिसतो, पण म्हणून काहीच त्रास नसलेल्या भावाची आणि दहा वर्षांच्या भाचीची टेस्ट करू नका. पुसट पॉझिटिव्ह आली तर तिचं करायचं काय, हा प्रश्न मग आम्हालाही पडतो. भाचीला कधी पायाला सूज, अचानक धाप, किंवा पुढे वारंवार गर्भपात असं काही झालं, तर आईचा हा इतिहास डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत सांगा.